समूहनिवासातील चिंचिला आणि नवजात पिल्लांचे रक्षण : एका संगोपनप्रश्नाचा इतिहास

१

मनुष्याने अलीकडच्या काळात बंदिवासात आणलेल्या प्राण्यांमध्ये दक्षिण अमेरिकेतील चिंचिला या लहानशा कृंतक प्राण्याचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. गाय, घोडा, कुत्रा यांच्या माणसाळण्याचा आरंभ प्रागैतिहासिक काळात लुप्त झाला आहे. त्याविषयी जे काही सांगता येते ते हाडांच्या अवशेषांवरून आणि अनुमानाने. चिंचिलाच्या बाबतीत मात्र ही प्रक्रिया विसाव्या शतकात, लेखी नोंदींच्या प्रकाशात घडली. त्यामुळे एखादा रानटी प्राणी पिंजऱ्यात आल्यावर त्याच्या सामाजिक जीवनाचे काय होते आणि ते न समजल्याची किंमत कोणाला मोजावी लागते, या प्रश्नांचा अभ्यास येथे बऱ्याच निश्चितपणे करता येतो. ही किंमत मुख्यतः नवजात पिल्लांनी मोजली. अनेक प्रौढ प्राणी एकत्र ठेवले असता पिल्ले का मरतात आणि ती कशी वाचवावीत, हा प्रश्न चिंचिलापालनाच्या इतिहासात सतत पुढे येत राहिला. त्याची जी उत्तरे वेळोवेळी दिली गेली त्यांचे समालोचन करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी एक विसंगती आहे. ज्या प्राण्याला निसर्गात समूहप्रिय म्हणून ओळखले गेले, तोच प्राणी पिंजऱ्यातील समूहात कलहप्रिय ठरला. ही विसंगती अगदी आरंभीच्या साधनांतही दिसून येते.

स्पॅनिश जेझुइट लेखक होसे दे आकोस्ता याने १५९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पेरूच्या डोंगराळ प्रदेशातील चिंचिलांचा आणि त्यांच्या विलक्षण मऊ कातड्यांचा उल्लेख केला आहे. सर रिचर्ड हॉकिन्स या इंग्रज दर्यावर्दीच्या १६२२ मध्ये छापलेल्या प्रवासवृत्तांतही खारीसारख्या, करड्या रंगाच्या या प्राण्याच्या कातडीची स्तुती आढळते. परंतु या दोघांचेही लक्ष कातडीकडे होते, प्राण्याच्या वर्तनाकडे नव्हते. वर्तनासंबंधी पहिले महत्त्वाचे विवेचन चिलीचा जेझुइट विद्वान हुआन इग्नासियो मोलिना याच्या १७८२ मधील निसर्गेतिहासात येते. हा प्राणी जमिनीखालील बिळांत राहतो, त्याला स्वजातीयांची संगत प्रिय असते, आणि तो इतका सौम्य असतो की हाती धरला असता चावत नाही की पळूनही जात नाही, असे मोलिनाचे म्हणणे आहे. मादी वर्षातून दोनदा विते आणि प्रत्येक वेतात पाच-सहा पिल्ले होतात, असेही तो लिहितो.

सुमारे अर्धशतकाने लंडनमधील प्राणिसंग्रहालयात याला छेद देणारा अनुभव आला. झूऑलॉजिकल सोसायटीच्या संग्रहातील एका चिंचिलाचे वर्णन एडवर्ड टर्नर बेनेट याने १८३० च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्यात एक छोटासा प्रसंग नोंदविलेला आहे. संग्रहालयाला भेट म्हणून आलेला, आकाराने काहीसा मोठा असा दुसरा एक चिंचिला पहिल्याच्या पिंजऱ्यात सोडण्यात आला. पिंजऱ्याच्या मूळ रहिवाशाला हा आगंतुक मुळीच रुचला नाही. ताबडतोब भयंकर झटापट झाली आणि वेळीच सोडवणूक झाली नसती तर आगंतुकाचा अंत ठरलेला होता. त्यानंतर दोघांना शेजारशेजारच्या पण स्वतंत्र पिंजऱ्यांत ठेवण्यात आले.

मोलिनाचा समूहप्रिय, सौम्य प्राणी आणि बेनेटचा असहिष्णु प्राणी यांतील खरा कोणता? मोलिनाचे वर्णन तपासून घेणे अवश्य आहे, हे खरे. १७६७ मध्ये जेझुइट संघाची स्पॅनिश राज्यातून हकालपट्टी झाल्यावर तो इटलीत निर्वासित होता आणि मायदेशापासून दूर राहून त्याने लेखन केले. पिल्लांची जी संख्या तो देतो ती प्रत्यक्षापेक्षा फार मोठी आहे, कारण चिंचिलाच्या वेतात बहुधा दोनच पिल्ले असतात. तथापि समूहजीवनाविषयीचे त्याचे विधान पुढील संशोधनाने खोटे ठरविलेले नाही. बेनेटची नोंदही प्रत्यक्षदर्शी असल्याने नाकारता येत नाही. दोन्ही विधाने आपापल्या ठिकाणी खरी आहेत. फरक आहे तो जागेचा. डोंगराच्या कपारीत नकोशा झालेल्या प्राण्याला निघून जाता येते, पिंजऱ्यात ते शक्य नसते. हा साधा विचार संगोपनशास्त्रात रुजण्यास मात्र दीर्घ काळ लागला.

२

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न कोणालाही पडला नाही, कारण त्या काळी चिंचिला हे पाळावयाचे जनावर नव्हते, ते केवळ पारधीचे होते. एका रोमछिद्रातून पन्नासाहून अधिक बारीक केस निघणाऱ्या या कातडीला युरोप व अमेरिकेच्या बाजारांत अफाट मागणी आली. १९०० च्या सुमारास एकट्या चिलीतून प्रतिवर्षी लाखो कातडी निर्यात होत होती. कपारींना धूर देऊन, कुत्रे व मुंगसासारखे प्रशिक्षित प्राणी सोडून, सापळे लावून वसाहतीच्या वसाहती नष्ट करण्यात आल्या. नवजात पिल्लाच्या कातडीला बाजारात किंमत नव्हती. त्यामुळे पारध्याच्या हिशेबात त्याला स्थानही नव्हते. आई मारली गेली की तिची पिल्ले कपारीतच मरून जात.

या संहाराचा परिणाम लवकरच जाणवला. १९१० मध्ये चिली, बोलिव्हिया, अर्जेंटिना व पेरू या राष्ट्रांनी चिंचिलाच्या शिकारीवर व व्यापारावर बंदी घालणारा करार केला. परंतु दुर्गम पर्वतांत त्याची अंमलबजावणी करणे कठीण होते, आणि प्राणी जितका दुर्मिळ होत गेला तितकी कातडीची किंमत वाढत गेली. आखूड शेपटीचा चिंचिला आणि लांब शेपटीचा चिंचिला या दोन्ही जाती नामशेष होण्याच्या मार्गाला लागल्या. बंदिवासातील प्रजननाची कल्पना याच पार्श्वभूमीवर पुढे आली.

३

चिलीतील पोट्रेरियोस येथील तांब्याच्या खाणींवर काम करणारा मॅथायस एफ. चॅपमन हा अमेरिकन अभियंता या इतिहासातील मध्यवर्ती व्यक्ती होय. एका स्थानिक माणसाने विकावयास आणलेला जिवंत चिंचिला पाहून त्याच्या मनात हे प्राणी पाळण्याचा विचार आला, असे सांगितले जाते. त्याने पारधी नेमून प्राणी जिवंत पकडविण्याचा उद्योग आरंभिला. सुमारे तीन वर्षांच्या खटाटोपानंतर त्याच्या हाती उपयोगी पडतील असे थोडेसेच प्राणी लागले. उंच प्रदेशातील या प्राण्यांना सखल हवेची सवय व्हावी म्हणून त्याने त्यांना टप्प्याटप्प्याने खाली आणले. समुद्रप्रवासात उष्ण कटिबंध ओलांडताना पिंजऱ्यांभोवती बर्फाचा गारवा राखला. अखेर १९२३ मध्ये हे अकरा प्राणी कॅलिफोर्नियात पोहोचले. जगभरच्या पाळीव चिंचिलांचा फार मोठा भाग याच अल्प संख्येच्या कळपापासून उत्पन्न झाला, असे मानले जाते. १९३४ मध्ये चॅपमनच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने हा उद्योग पुढे चालविला.

या घटनेने नवजात पिल्लाचे स्थान समूळ पालटले. पारधीच्या अर्थव्यवस्थेत ज्याला शून्य किंमत होती, तेच पिल्लू आता उद्योगाचे सर्वस्व झाले. कळप इतका लहान होता की एकही प्राणी कातडीसाठी मारणे परवडण्यासारखे नव्हते. पुढील सुमारे तीन दशके हा व्यापार मुख्यतः पैदाशीच्या जिवंत जोड्यांचा राहिला आणि त्यांच्या किमती सामान्य माणसाला स्तिमित करणाऱ्या होत्या. कातड्यांचा नियमित बाजार दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या दशकात उभा राहिला. या मधल्या काळात पालकाचे उत्पन्न जिवंत राहिलेल्या पिल्लांच्या संख्येवर अवलंबून होते. नवजातांच्या रक्षणाचा विचार प्रथम करुणेतून नव्हे, तर या हिशेबातून उत्पन्न झाला, ही वस्तुस्थिती लक्षात ठेवली पाहिजे. त्या विचारातून निर्माण झालेल्या व्यवस्थांवर तिची खूण राहिली आहे.

४

या व्यवस्था समजून घेण्यासाठी चिंचिलाच्या प्रजननाची काही वैशिष्ट्ये ध्यानात घेणे इष्ट ठरेल. लांब शेपटीच्या जातीचा गर्भकाल सुमारे १११ दिवसांचा आणि आखूड शेपटीच्या जातीचा सुमारे १२८ दिवसांचा असतो. उंदराचा गर्भकाल जेमतेम तीन आठवड्यांचा असतो, हे पाहता एवढ्याशा प्राण्याच्या मानाने हा काळ फारच दीर्घ होय. त्याचे फळ असे की पिल्लू पूर्ण वाढलेले जन्माला येते. त्याच्या अंगावर दाट केस असतात, डोळे उघडे असतात, दात आलेले असतात, आणि काही तासांतच ते इकडेतिकडे धावू लागते. त्याचे वजन साधारणतः ३५ ते ६० ग्रॅम असते. आठवड्याभरात ते आईच्या खाद्याला तोंड लावू लागते, तरी दूध सुटण्यास सहा ते आठ आठवडे लागतात.

जन्मतःच चालते-फिरते असणे हे रानात वरदान आहे. समूहाच्या पिंजऱ्यात मात्र तेच धोक्याचे कारण होते. उंदराचे आंधळे, उघडे पिल्लू घरट्यात पडून राहते. चिंचिलाचे पिल्लू पहिल्याच दिवशी आईजवळून निघून परक्या मादीच्या समोर जाऊन उभे राहते. जाळीच्या फटीतून किंवा शेजारच्या पिंजऱ्याच्या भोकातून सरकण्याइतके ते लहान असते आणि ते धाडस करण्याइतके चपळही असते.

दुसरे वैशिष्ट्य मादीच्या स्वभावाचे आहे. चिंचिलाची मादी नराहून आकाराने मोठी व वर्चस्व गाजविणारी असते. नको असलेल्या प्राण्यावर ती मागील पायांवर उभी राहून मूत्राची चिळकांडी सोडते, दात वाजविते आणि प्रसंगी ठार होईपर्यंत चावते. बळी पडणाऱ्यांत पुष्कळदा नरच असतात. एका बंदिस्त जागेत अपरिचित माद्या एकत्र आल्या असता परस्परांशी त्यांचे क्वचितच जुळते.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे प्रसूतीनंतर लगेच येणारा माज. पिल्ले झाल्यापासून साधारणतः दोन दिवसांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. नर जवळ असेल तर तो तिचा पाठलाग करू लागतो. या पाठलागात ओली, नुकतीच जन्मलेली पिल्ले पायदळी तुडवली जातात, आईपासून दूर फेकली जातात, किंवा तिची ऊब न मिळाल्याने गारठून मरतात. नर हेतुपुरस्सर त्यांना मारतो असे नव्हे. उलट हा काळ ओसरल्यावर पुष्कळ नर पिल्लांना आपल्या अंगाखाली घेऊन ऊब देताना आढळतात.

समूहनिवासातील धोके पाहता ते एकजिनसी नाहीत, हे यावरून स्पष्ट होईल. परक्या मादीचा हल्ला, प्रसवोत्तर पाठलागात होणारी चेंगराचेंगरी, गारठा, जाळीतून निसटणे, आणि आईच्या दुधासाठी भावंडांतच होणारी चावाचावी, ही पाच कारणे स्वतंत्र आहेत. आरंभीच्या पालकांनी ती बहुधा एकत्र मोजली. सकाळी पिंजऱ्यात मेलेले पिल्लू दिसे आणि दोष नराच्या किंवा आईच्या क्रौर्याला दिला जाई. चिंचिला बहुधा उत्तररात्री किंवा पहाटे वितो आणि मुख्यतः रात्रीच वावरतो. त्यामुळे घडलेला प्रकार पाहणारा साक्षीदार क्वचितच उपस्थित असे. कारणमीमांसेतील गोंधळाचा बराचसा उगम या साध्या गोष्टीत आहे.

५

पालनपद्धतींचा विकास तीन रूपांत झाला. पहिले रूप जोडीचे होते, एका पिंजऱ्यात एक नर व एक मादी. नराला पिल्लांसह राहू दिले तरी तो परिचित असल्यामुळे धोका मर्यादित असे. सावध पालक मादी विण्याच्या सुमारास नराला काही दिवस वेगळा काढीत आणि प्रसवोत्तर माज ओसरल्यावर परत सोडीत. परंतु या उपायातही अडचण होती. फार दिवस दूर ठेवलेला नर परत आला असता मादी त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडे. जोडीत पिल्ले बऱ्याच अंशी सुरक्षित राहिली, पण प्रत्येक मादीमागे एक नर पोसावा लागल्याने खर्च वाढत असे.

दुसरे रूप वसाहतीचे होते. यात मोठ्या कुंपणात किंवा खोलीत अनेक माद्या व एक किंवा अधिक नर एकत्र ठेवले जात. निसर्गातील जीवनाशी हे रूप अधिक जवळचे असल्याने ते सकृद्दर्शनी आकर्षक वाटे. मोलिनापासून चालत आलेला समूहप्रियतेचा समज त्याला आधार देई. प्रत्यक्षात नवजातांच्या दृष्टीने ही पद्धत सर्वांत धोक्याची ठरली. कोणते पिल्लू कोणत्या मादीचे, हेच निश्चित सांगता येत नसे, त्यामुळे वंशाची नोंद अशक्य होई. उंदीर-घुशी ज्याप्रमाणे विण्यासाठी स्वतःचे बीळ राखतात त्याप्रमाणे वेगळे होण्यास चिंचिलाच्या मादीला वसाहतीत जागा नसे. ज्या पालकांनी प्रत्येक मादीसाठी स्वतंत्र, आडोशाच्या पेट्या ठेवल्या, परस्परांशी लहानपणापासून परिचित असलेल्या, विशेषतः आई-मुली किंवा बहिणी असलेल्या माद्याच एकत्र राखल्या, त्यांना तुलनेने बरे यश आले. परंतु परक्या माद्यांची वसाहत टिकवणे बहुतेकांना जमले नाही.

तिसरे रूप एका नराचा अनेक माद्यांशी संबंध जोडणारे होते आणि जगभरच्या व्यापारी पालनात तेच रूढ झाले. त्याची रचना चातुर्याची आहे. प्रत्येक मादी आपल्या स्वतंत्र पिंजऱ्यात राहते. पिंजऱ्यांच्या ओळीच्या मागून किंवा वरून एक अरुंद बोळ जातो आणि प्रत्येक पिंजऱ्यातून त्यात शिरण्यास एक भोक असते. मादीच्या गळ्यात हलका, रुंद गळपट्टा असतो. त्यामुळे ती या भोकातून जाऊ शकत नाही, नर मात्र मोकळेपणाने बोळातून कोणत्याही पिंजऱ्यात जातो. एखादी मादी अंगावर आली तर तो बोळात पळून जीव वाचवितो.

या रचनेकडे पाहण्याची सर्वसामान्य दृष्टी आर्थिक आहे. थोड्या नरांत अधिक माद्या गाभण राहतात. परंतु नवजातांच्या रक्षणाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. वसाहतीत नसलेली पळवाट येथे नराला मिळाली आणि माद्यांचा परस्परसंपर्क पूर्णपणे तुटला. परक्या मादीचा हल्ला हे पिल्लांच्या मृत्यूचे मोठे कारण त्यामुळे दूर झाले, असे वाटले. ते पूर्णांशाने खरे ठरले नाही. मादीला अडविणारे भोक पिल्लाला अडवीत नव्हते. दोन-चार दिवसांचे पिल्लू त्यातून बोळात जाई आणि तेथून भलत्याच मादीच्या पिंजऱ्यात उतरे. एका भिंतीने दूर केलेला धोका दुसऱ्या भोकातून परत आला.

यावर पालकांनी जे उपाय योजले ते साधे पण अनुभवातून आलेले होते. भोक जमिनीपासून उंच ठेवण्यात आले आणि त्याखाली पिल्लाला चढण्यास आधार राहणार नाही याची काळजी घेण्यात आली. मादी विण्याच्या वेळी भोकावर झडप घालून ते काही दिवस बंद केले जाऊ लागले. याने नर बाहेर राहिल्यामुळे पाठलागातील चेंगराचेंगरीही टळे. जाळीचे छिद्र पिल्लाच्या डोक्याहून लहान ठेवण्यात आले, कारण जेथून डोके जाते तेथून चिंचिलाचे सर्व अंग जाते. जाळीच्या तळावर पिल्लांचे पाय अडकू नयेत व अंग गारठू नये म्हणून लाकडी फळी किंवा पेटी ठेवण्यात आली. प्राण्याला आवश्यक असलेले धूलिस्नान प्रसूतीनंतर काही दिवस थांबविले जाई, कारण बारीक धूळ आईच्या प्रसूतिमार्गात व पिल्लांच्या डोळ्यांत गेली असता अपाय होतो.

या सर्व उपायांना एक पूर्वअट होती. मादी केव्हा विणार हे आधी कळले पाहिजे. चिंचिलाच्या बाबतीत ते सोपे नसते. समागम रात्री होतो आणि गर्भारपण दाट केसांखाली झाकून राहते. समागमानंतर पिंजऱ्याच्या तळावर पडलेली मेणासारखी गुठळी पालकाच्या दृष्टीस पडली तर त्या दिवसापासून १११ दिवस मोजता येतात. अन्यथा मादीचे नियमित वजन हाच मार्ग उरतो. व्यवस्थित नोंदवही ठेवणारा पालक आणि न ठेवणारा पालक यांच्या पिल्लांच्या भवितव्यात जो फरक पडे, त्याचे रहस्य पिंजऱ्याच्या रचनेपेक्षा या नोंदवहीत अधिक होते.

६

आतापर्यंतचे ज्ञान पालकांनी पालकांसाठी संकलित केलेले होते. अशा पुस्तिकांचा उपयोग इतिहासकाराने सावधपणे केला पाहिजे. पैदाशीचे प्राणी विकणे हाही पुष्कळ लेखकांचा व्यवसाय होता आणि नवशिक्याला हा उद्योग सुलभ वाटावा यात त्यांचे हित होते. फसलेल्या वसाहतींची व मेलेल्या पिल्लांची मोजदाद अशा लेखनात विस्ताराने येण्याची अपेक्षा करता येत नाही.

१९६० च्या दशकात या विषयाला प्रयोगशाळेतील शास्त्रीय आधार मिळाला. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीशी संलग्न असलेल्या संशोधनसंस्थेत बार्बरा वीर यांनी चिंचिलाच्या प्रजननाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९६६ मध्ये व १९७० मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या संस्थेच्या बागेत बेनेटने दोन चिंचिलांची झुंज पाहिली होती, तिच्याच आश्रयाने सुमारे १३५ वर्षांनंतर हा अभ्यास व्हावा, हा योगायोग उल्लेखनीय आहे. या व यानंतरच्या अभ्यासांनी मादीच्या ऋतुचक्राचा काळ, प्रसवोत्तर माज आणि गर्भकाल यांविषयीच्या अंदाजांना निश्चित आकडे दिले. पालक ज्याला नराचे क्रौर्य म्हणत होता, तो प्रत्यक्षात मादीच्या शारीरिक अवस्थेला नराने दिलेला ठरावीक प्रतिसाद होता, हे त्यामुळे समजू शकले. श्रवणविषयक संशोधनासाठीही चिंचिला अनेक प्रयोगशाळांत पाळला जाऊ लागला, कारण त्याच्या श्रवणाचा आवाका मनुष्याच्या श्रवणाशी बराच मिळताजुळता आहे.

या काळात आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले गेले. ज्या माद्या परक्या पिल्लाला मारू शकतात त्याच माद्या परक्या पिल्लाला दूधही पाजतात. आई मेलेले किंवा दूध न मिळणारे पिल्लू त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या मादीकडे सोपविण्याची पद्धत पालकांत रूढ होती. पिल्लांचे वय व आकार जुळत असेल आणि वासाची ओळख पुसण्यासाठी पिल्लांना त्या मादीच्या बिछान्यात घोळविले किंवा तिच्या नाकाजवळ तीव्र वासाचा लेप लावला, तर ती पुष्कळदा त्याला स्वीकारते. गिनीपिगच्या मादीनेही चिंचिलाची पिल्ले वाढविल्याची उदाहरणे आहेत.

म्हणजे परक्या पिल्लाविषयी मादीची वृत्ती ठरावीक नसते, ती प्रसंगावर अवलंबून असते. ती स्वतः दूध देणारी आहे की नाही, पिल्लू तिच्या जागेत आगंतुक म्हणून आले की वासाने परिचित होऊन आले, आणि तिला स्वतःची पिल्ले घेऊन बाजूला होण्यास जागा आहे की नाही, या तीन गोष्टींवर परिणाम ठरतो. गळपट्ट्याच्या पद्धतीने या तिन्ही गोष्टींचा विचार न करता माद्यांना सरसकट वेगळे केले. तो उपाय व्यवहारात यशस्वी झाला, पण प्रश्न समजून घेतल्यामुळे झाला असे म्हणता येणार नाही.

निसर्गातील चिंचिलांच्या अभ्यासाने या अनुमानाला पुष्टी मिळते. चिलीत इयापेल शहराजवळ १९८३ मध्ये लास चिंचियास हे सुमारे ४,२०० हेक्टरांचे राष्ट्रीय राखीव क्षेत्र स्थापन झाले. लांब शेपटीच्या चिंचिलाचे उरलेसुरले समूह तेथे रक्षिले जातात. या वसाहतींत थोड्या प्राण्यांपासून सुमारे शंभरापर्यंत प्राणी असू शकतात. परंतु ते एका कुंपणात कोंडलेले नसतात. खडकांच्या असंख्य कपारी आणि पुया नावाच्या काटेरी झाडांची जाळी त्यांना आसरा देतात. समूह या शब्दाचा अर्थ तेथे एकमेकांच्या जवळ, पण एकमेकांना टाळता येईल अशा अंतरावर राहणे, असा आहे. मोलिनाने पाहिलेली समूहप्रियता हीच असावी. वसाहतीच्या पिंजऱ्याने तिच्यातील जवळीक घेतली आणि अंतर टाकून दिले.

७

विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाचा संदर्भ पुन्हा बदलला. १९९९ मध्ये युरोप परिषदेच्या पशुसंरक्षणविषयक कराराच्या स्थायी समितीने फरसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसंबंधी जी शिफारस केली तीत चिंचिलाचाही समावेश होता. अनेक युरोपीय देशांनी फरसाठी प्राणी पाळण्यावर बंदी घातली. दुसऱ्या बाजूने चिंचिला घरगुती सोबती म्हणून लोकप्रिय झाला. व्यापारी पालकाप्रमाणे रांगांत पिंजरे न ठेवता घरातील मालक बहुधा दोन-तीन प्राणी एकत्र ठेवतो. त्यांत नर व मादी आहेत हे त्याला कित्येकदा पिल्ले झाल्यावरच कळते. त्यामुळे वसाहत पद्धतीत जे धोके ओळखले गेले होते तेच लहान प्रमाणात पुन्हा उद्भवले.

या परिस्थितीत वरील इतिहासातून निघणारे निष्कर्ष केवळ शास्त्रीय जिज्ञासेचे राहत नाहीत. व्यायला झालेल्या मादीला वेळीच स्वतंत्र जागा द्यावी, इतर प्रौढांना, विशेषतः जिची स्वतःची पिल्ले नाहीत अशा अपरिचित मादीला, तिच्यापासून दूर ठेवावे, नराला प्रसवोत्तर माज ओसरेपर्यंत वेगळे काढावे, पण दृष्टीच्या व वासाच्या टप्प्यात ठेवावे, म्हणजे परत येताना तो परका ठरणार नाही. पिंजऱ्यात पिल्ले शिरू शकतील पण प्रौढ शिरू शकणार नाहीत अशी एक आसऱ्याची जागा असावी. पिल्लांचे रोज वजन करावे, कारण दूध न मिळणाऱ्या पिल्लाचे लक्षण प्रथम वजनातच दिसते. नर पिल्ले आई-बहिणींना गाभण करण्याच्या वयात लवकरच येतात, म्हणून दूध सुटताच त्यांना वेगळे करावे. हे सर्व नियम आज पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत निर्विवाद म्हणून येतात. त्यांतील प्रत्येकामागे कोणत्या तरी पिंजऱ्यात सकाळी आढळलेली मृत पिल्ले आहेत.

आरंभी निर्दिष्ट केलेल्या विसंगतीचा उलगडा आता होऊ शकतो. चिंचिला समूहप्रिय आहे की कलहप्रिय, हा प्रश्नच सदोष होता. प्राण्याचा स्वभाव हा त्याच्या परिस्थितीपासून सुटा करून ठरविता येतो, असे गृहीत धरल्यामुळे तो उद्भवला. मोलिनाने डोंगर गृहीत धरला आणि बेनेटने पिंजरा. दोघांनीही प्राण्याचा गुण म्हणून जे सांगितले ते खरे पाहता त्या त्या जागेचे वर्णन होते. वसाहत पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी डोंगरातील गुण पिंजऱ्यात मिळेल अशी अपेक्षा केली आणि तिची किंमत नवजातांनी दिली. बहुपत्नी पद्धतीने पिंजऱ्यातील गुण कायमचा मानून समूहच मोडून टाकला. मधला मार्ग, म्हणजे समूह राखून त्यात एकमेकांना टाळण्याइतके अंतर निर्माण करणे, हा सर्वांत उशिरा सुचला आणि तो व्यापाराच्या हिशेबात बसणारा नव्हता.

पाळीव प्राण्यांच्या इतिहासाचे अध्ययन करणाऱ्यांना यातून एक पद्धतीविषयक सूचना मिळते. माणसाळण्याच्या प्रक्रियेचे मोजमाप बहुधा प्रौढ प्राण्याच्या शरीरावरून व वर्तनावरून केले जाते. चिंचिलाचे उदाहरण असे दर्शविते की एखादी पालनपद्धती त्या प्राण्याला कितपत मानवली, याची अधिक नेमकी साक्ष नवजात पिल्लांच्या जगण्या-मरण्यात मिळते. प्रौढ प्राणी सहन करून राहतो. पिल्लाला ती मुभा नसते, ते पहिल्याच रात्री त्या पद्धतीचा निकाल देते.